पोटाला कान लावणारे डॉक्टर

त्यांना कोणी नमस्कार केला तर ते नमस्कार घेत नसत. "निन्ने एनु ऊटा?" असं विचारायचे. काल काय जेवलास? समोर बाजारातला ओळखीचा असो, कचेरीतला साहेब असो, नाहीतर कोणाच्या मयताला जमलेली माणसं असोत, प्रश्न तोच. आणि तो तोंडदेखला नसे. "भात" म्हटलं तर "कशाबरोबर?", "सारू", म्हणजे आपलं सार, म्हटलं तर "कसलं?" आमच्या दुकानात कोटाचं माप द्यायला आलेल्या म्हैसूरमधल्या नजरबादच्या एका अंमलदाराला त्यांनी असं खोदून खोदून विचारलं, की तो वैतागून म्हणाला, "डॉक्टर, माझ्या बायकोनेही एवढी चौकशी कधी केली नाही."

"तिने रांधलेलं असतं. मला विचारावं लागतं," डॉक्टर म्हणाले.

मला कोणाचे गुण गायची सवय नाही. गुण गाण्यासारखी माणसं मला फार भेटलीही नाहीत. पण ह्या माणसाबद्दल लिहायचं राहिलं तर माझ्यासारखी कृतघ्न मीच, म्हणून लिहिते.

ते मोठ्या सरकारी दवाखान्यात कापाकापीचे डॉक्टर होते. कानडी ब्राह्मण. उंच, जरा पोक आलेले, डोक्यावर म्हैसुरी पेटा आणि तो कायम एका कानावर वर सरकलेला. कारण तो कान कामाचा होता. रोगी आडवा झाला की ते गुडघ्यावर बसत, पेटा वर सारत आणि कान सरळ रोग्याच्या उघड्या पोटाला लावत. नळी होती त्यांच्याकडे, गळ्यात लटकलेली असायची, पण ती छातीसाठी. पोटाला कान. मग दोन्ही हातांनी रोग्याची कंबर धरून त्याला गदगदा हलवत आणि ऐकत. नवीन माणूस घाबरून ओरडायचा. "सुम्ने इरु," ते म्हणत. गप्प राहा. "तुझं तू पुष्कळ बोललास. आता पोटाला बोलू दे."

मराठी त्यांना समजायची. फौजेतल्या मराठ्यांची पोटं तपासून तपासून शिकले होते. त्यामुळे दुखतं, जळतं, ओकलास, झाड्याला झालं का, एवढं सफाईने बोलायचे. मुलंबाळं कशी आहेत हे मात्र त्यांना मराठीत विचारता येत नसे, बाकीचं सगळं ते कानडीतच बोलत.

बाजारात त्यांना नारळ घेताना बघायला माणसं थांबायची. एकेक नारळ कानाशी धरून हलवायचे आणि नारळवालीला शिकवायचे. "ऐक. माणूस सकाळी उपाशीपोटी उठला आणि त्याच्या पोटात असा आवाज आला, तर त्याला माझ्याकडे पाठव. रात्रीचं पाणी सकाळपर्यंत पोटात थांबायला काम नाही."

नारळवाली म्हणायची, "स्वामी, घेणार असाल तर घ्या. नाहीतर त्यालाही औषध लिहून द्या."

त्यांची सगळ्यात मोठी चीड म्हणजे धुतलेला रोगी. आपल्याकडे दवाखान्यात न्यायचं म्हणजे रोग्याला अंघोळ घालतात, धुतलं धोतर नेसवतात, अंगारा लावतात. ओकारीचं भांडं घासून पालथं घालून ठेवतात. ते बघून डॉक्टर लाल व्हायचे. "लग्नाला आणलाय काय? घाण कुठे आहे? अर्धा रोग मोरीत ओतून आलात आणि मला विचारता काय झालंय." म्हैसूरची माणसं प्रत्येक दुखण्याला 'उष्ण झालंय' म्हणतात, त्याचाही त्यांना राग. "उष्ण चुलीत असतं. पोटात काय आहे ते सांग."

आमचं घर शिंप्यांचं, विठ्ठलाच्या भक्तांचं. पुढच्या खोलीत सासऱ्यांचं दुकान, मागे आम्ही. डॉक्टर आमच्याकडे यायचे ते कोटाला खिसे लावून घ्यायला. आहेत तेवढे खिसे त्यांना कधी पुरले नाहीत. एका खिशात चमचा, एकात बांबूच्या काड्या, एकात चुरमुरे. दुसऱ्याच्या जेवणाची एवढी चौकशी करणारा हा माणूस स्वतः दुपारी जेवायला विसरायचा आणि चुरमुऱ्यांवर दिवस काढायचा. मी आतून काज-बटणं करून द्यायची, दाराच्या फटीतून त्यांना बघायची. वेडा आहे, एवढंच तेव्हा माझं मत होतं.

कावेरीवर कन्नंबाडीचं धरण बांधत होते त्या काळातली गोष्ट. माझं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती, मूल नव्हतं. माझ्या नवऱ्याला पोटाचं दुखणं लागलं. दसऱ्याच्या आधी राजवाड्याची शिलाई आली की तो जेवणखाण विसरून पाठ वाकवून बसायचा, तेव्हापासूनचं. पोट रिकामं झालं की कळ यायची. बेंबीच्या वर बोट ठेवून म्हणायचा, इथे, इथे कोणी सुई टोचतंय. आणि चार घास खाल्ले की कळ थांबायची. मी उठून त्याला नाचणीची आंबील करून द्यायची. ती प्यायला की माणूस शांत झोपायचा.

हेच माझ्या मुळावर आलं.

आमच्याकडे मद्दू म्हणतात. नवरा मुठीत राहावा म्हणून बायको जेवणात काहीतरी कालवते, ते पोटात चिकटून बसतं आणि माणूस तिच्या हातच्या अन्नाशिवाय तळमळतो, असा समज. सासूबाईंनी बघितलं, पोरगा कळवळतो आणि माझ्या हातचं खाल्लं की थांबतो. त्यांना दुसरा पुरावा नको होता. पुढे दुखणं पालटलं. खाल्लं की पोट फुगायला लागलं, आंबट ढेकर, संध्याकाळी भडाभडा ओकारी. बरगड्या दिसायला लागल्या. तेव्हा त्या शेजारणींसमोर म्हणाल्या, "मद्दू जुनं झालं, आता माणूस खातंय."

त्यानंतर मला चुलीला हात लावू देईनात. माझं ताट वेगळं, माझा तांब्या वेगळा. माझ्या हातचं घरात कोणी खात नव्हतं. सासरे बोलायचे नाहीत. ते चांगले होते, पण त्यांचं सगळं चांगुलपण सुईदोऱ्यात खर्च व्हायचं. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, आईचं." तो उठून बसायच्याही ताकदीचा नव्हता, त्याला मी काय बोलणार. ठरलं असं, की मद्दू उतरवायचं आणि मला कायमची बेंगळुरूला भावाकडे पाठवायची.

मद्दू उतरवणारी बाई येलवालकडची होती. ती एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आमच्या घरी एकादशीला धान्याचा कण कोणी खात नाही. केळं, दूध, शेंगदाणे, बस्स. नवरा तर नुसत्या दुधावर होता. बाईने त्याला कसल्यातरी पाल्याचा रस पाजला. तो एवढा ओकला की अंथरुणावर आडवाच झाला. बाईने भांडं उजेडात धरलं आणि सासूबाईंना दाखवलं. त्यात अवरेकाळू होते. अवरे म्हणजे आपले पावटे. सालासकट, अख्खे. आणि सगळ्यात काळे काळे कण मिसळलेले.

सासूबाई म्हणाल्या, "काल एकादशी. पोराने दाणा खाल्ला नाही. मग हे आलं कुठून?"

बाई म्हणाली, "मद्दू दाण्याला धरून बसतं. काळं दिसतंय ना, तेच ते."

मग तिने सांगितलं, जिने घातलं तिनेच हे आपल्या हाताने न्यायचं, तीन रस्ते मिळतात तिथे पुरायचं आणि मागे न बघता यायचं. सासूबाईंनी मडकं माझ्या हातात दिलं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. मी मडक्यावर फडकं टाकलं आणि निघाले.

तिठ्यापर्यंत गेले. तिथे थांबले. मला वाटलं, हे पुरलं म्हणजे मी घातलं हे मीच कबूल केलं. आणि आठवलं, एक माणूस आहे ह्या गावात जो असली भांडी मागून घेतो. मी दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टर ओसरीवर बाकड्यावर बसून चुरमुरे खात होते. मी मडकं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी फडकं काढलं, वाकले आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. माझ्या माहेरच्यांचाही मला बघून कधी खुलला नव्हता.

"कुणाचं?"

"नवऱ्याचं."

"कधीचं?"

"आत्ताच, सकाळचं."

"काल काय जेवला?"

"काल एकादशी, स्वामी. दूध फक्त."

त्यांनी खिशातून बांबूची काडी काढली, एक अवरा उचलला, उजेडात फिरवला. "मग हा?"

"अवरे मी दशमीला केले होते. चोरून. सासूबाई देवळात गेल्या होत्या. ह्यांना खावेसे वाटले म्हणून."

त्यांनी मोठ्याने हाका मारून दवाखान्यातले सगळे डॉक्टर, कंपाउंडर गोळा केले. "या, या. दशमीचे अवरे द्वादशीला बघा. रोज मी विचारतो, काल काय खाल्लं, आणि सगळे म्हणतात, थोडासा भात, स्वामी. हिच्याकडे पांडुरंगाने मध्ये एक रिकामा दिवस ठेवलाय, खोटं बोलायला जागाच नाही." मग मला म्हणाले, "एनम्मा, पोटाला खाली एक दार असतं. अन्न तिथून आतड्यात उतरतं. तुझ्या नवऱ्याचं दार बंद झालंय. आधी तिथे घाव होता, तेव्हा उपाशीपोटी दुखायचं आणि खाल्लं की थांबायचं. बरोबर?"

"बरोबर."

"आता घाव आवळलाय. अन्न आत पडून राहतं, कुजतं, वरून बाहेर येतं. एवढंच."

एवढंच, म्हणाले. मी तिथेच पायरीवर बसले.

मग त्यांनी काडीने ते काळे कण बाजूला घेतले आणि विचारलं, "कॉफी प्यायला होता?"

"एकादशीला कॉफी चालत नाही आमच्यात."

त्यांचा चेहरा उतरला. "झाड्याला कसं होतं?"

परक्या पुरुषाला नवऱ्याच्या झाड्याचं कसं सांगायचं. ते म्हणाले, "लाजून तो मरणार असेल तर लाज."

"काळं," मी सांगितलं. "डांबरासारखं, चिकट. धोतर मी धुते म्हणून ठाऊक. पण आजच धुतलं तसं पहिल्यांदा."

"हे मद्दू नाही, अम्मा. रक्त आहे. पोटात रक्त पडलं की असं कॉफीच्या चोथ्यासारखं होतं. त्या बाईने ओकायला लावून घाव आणखी उघडलाय." ते उठले, चुरमुरे तसेच सांडले आणि झटकेवाल्याला, म्हणजे टांगेवाल्याला, हाक मारली.

झटक्यात मी त्यांच्याशेजारी बसून घरी आले. शिंप्याची सून परक्या ब्राह्मणाच्या मांडीला मांडी लावून, मांडीवर मडकं घेऊन. आमच्या गल्लीला त्या दिवशी दुसरी करमणूक लागली नाही.

नवऱ्याची नाडी त्यांनी बघितली. पोटाला कान लावला, कंबर धरून अगदी हलकेच हलवलं. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. अर्धी भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालावं तसं. त्यांनी सासूबाईंना बोलावलं, "अज्जी, कान लाव."

सासूबाईंनी पोराच्या पोटाला कान लावला. खूप वेळ लावला. मान वर केली आणि म्हणाल्या, "मद्दूच वाजतंय."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग सासऱ्यांकडे वळले. खाटेवरचा एक सदरा उचलला, बाहीचं तोंड मुठीत आवळून धरलं आणि वरून चिंध्या कोंबायला लागले. बाही फुगली. "आता हे खाली कसं उतरेल?"

सासरे म्हणाले, "तोंड उसवा."

"उसवता येत नाही. तिथलं कापड कुजलंय. म्हणून वर दुसरं तोंड पाडायचं, आतड्याचा वेढा उचलून तिथे आणायचा आणि दोन्ही तोंडं एकमेकांना शिवायची."

सासऱ्यांनी बाही हातात घेऊन उलटसुलट बघितली. "टाके टिकतील?"

"तुमचे टिकतात?"

"कापडावर असतं ते."

"माझंही तसंच आहे," डॉक्टर म्हणाले. "वाचेल असं मी सांगत नाही. आधी रक्त थांबायला पाहिजे, मग अंगात थोडी ताकद यायला पाहिजे, मग कापायचं. त्यातही जाऊ शकतो. पण नाही कापलं तर भरल्या पोटाने उपाशी मरेल, हे नक्की सांगतो."

सासऱ्यांनी मान डोलावली. डॉक्टरांनी झटका परत पाठवून दवाखान्यातून डोली आणि माणसं मागवली. नवऱ्याला उताणा ठेवला, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही म्हणाले. तेवढ्यात सासूबाई दारात आडव्या आल्या. "पोराला न्या. पण ही आधी बेंगळुरूला जाईल. हिच्या हातचं सुटलं की तो आपोआप बरा होईल, कापायला लागणार नाही. ही गेल्याशिवाय डोली उंबरा ओलांडणार नाही."

दारात बायका, बायकांच्या मागे पुरुष. डॉक्टर खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "अम्मा, मला भूक लागलीय. घरात काय आहे?"

"मला चुलीकडे जाऊ देत नाहीत," मी म्हटलं.

"आज जा. मुद्दे कर. अवरे उरलेत?"

"आहेत."

"मग सारू कर त्यांचं. डोली येईपर्यंत होईल."

सासूबाई काही बोलणार होत्या, सासऱ्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "करू दे," म्हणाले. मी चुलीपाशी गेले. कितीतरी दिवसांनी. मीठ जास्त पडलं. मुद्दे म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा. तो मी केळीच्या पानावर वाढला, सारू ओतलं. डॉक्टर भर दारात, सगळ्या गल्लीसमोर मांडी घालून बसले.

कोणीतरी म्हणालं, "अय्यो, ब्राह्मण शिंप्याच्या घरी जेवतोय."

डॉक्टर घास गिळून म्हणाले, "मी पुष्कळांची पोटं उघडून बघितली. आत जानवं कुठे दिसलं नाही." आणि सासूबाईंना, "अज्जी, मीठ जास्त आहे. बाकी काही असेल तर मीही हिच्या मुठीत गेलो. रोज जेवायला येईन, परवडेल का बघ."

सासूबाई अजून दारातच होत्या. "मद्दू एका दिवसात चढत नाही," म्हणाल्या.

"मग उद्याही येतो. चढेपर्यंत येतो. पण पोरगा आज जाईल आणि ही इथेच राहील. ही गेली तर मला मुद्दे कोण करणार?"

डोली उंबरा ओलांडून गेली.

मला वाटलं होतं, बोलायची गोष्ट. तर ते खरंच रोज यायला लागले. दुपारी दवाखान्यातून चालत येत, मागच्या पडवीत बसत, माझ्या हातचं जेवत आणि जात. सासूबाई समोर बसून टक लावून बघायच्या. त्यांना आशा होती की काहीतरी होईल. सुरुवातीला नुसत्या बघायच्या. मग विचारायला लागल्या. "काल रात्री पोट दुखलं?"

"नाही, अज्जी."

"झाड्याला कसं झालं?"

"पिवळं. बरं झालं."

"काल रात्री काय जेवलात घरी?"

ते हसायला लागले. "अज्जी, तू माझ्या दवाखान्यात ये. मला तुझ्यासारखा माणूस पाहिजे." सासूबाईंना राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाट मांडला त्यांच्यासाठी. त्यानंतर जेवताना आधी विचारायच्या, मीठ बरोबर आहे ना.

हे सगळं त्यांना फुकट पडलं नाही. ते आम्हाला कधी बोलले नाहीत, कंपाउंडरकडून मला कळलं. शिंप्याच्या घरी रोज जेवतात हे त्यांच्या अग्रहारात, ब्राह्मणांच्या आळीत, पोचलं. त्यांची म्हातारी आत्या घरात वडील होती, तिने त्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. घरात पान मांडायची नाही, बाहेर ओसरीवर वाढायची, तेही दुरून. पोरीबाळींच्या लग्नाची घरं ती, बायकोनेही बोलणं टाकलं म्हणे. माझं ताट माझ्या घरात वेगळं होतं म्हणून ह्या माणसाने आपलं ताट आपल्या घरात वेगळं करून घेतलं. मी त्यांना विचारलं, "स्वामी, घरी त्रास होतोय ना तुम्हाला?" ते म्हणाले, "ओसरीवर वारा चांगला येतो."

तिकडे दवाखान्यात नवरा उताणा पडून होता. तोंडाने काही नाही, मागच्या वाटेने मिठाचं पाणी चढवत होते. काळं थांबेपर्यंत डॉक्टरांनी त्याच्या पोटाला हात लावू दिला नाही. थांबल्यावर मग रोज रबरी नळी गिळायला लावून, वरून पाणी ओतून, पोट धुवायला लागले. पाणी उलटं येई, पहिल्यांदा घाण, मग गढूळ, मग स्वच्छ. मी एकदा बघितलं. तांब्या विसळावा तसं. नवरा ओशाळून माझ्याकडे बघेना. डॉक्टर म्हणाले, "बघू दे तिला. तिच्यामुळेच कळलं."

एकादशी कधी ते कळावं म्हणून वॉर्डात त्यांनी पंचांग लावून घेतलं होतं. संशय आलेल्या प्रत्येक रोग्याला संध्याकाळी मूठभर अवरे खायला द्यायचे आणि सकाळी नळी घालून बघायचे, आहेत की गेले. अवऱ्यांचे दिवस संपल्यावर हरभरे. तरुण डॉक्टर पाठीमागे हसायचे. पण हसता हसता तेही विचारायला लागले होते, काल काय जेवलास.

कापायच्या दिवशी सकाळी सासरे, सासूबाई आणि मी दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली बसलो. आतून त्या झोपवायच्या औषधाचा गोड वास येत होता. सासूबाई विठ्ठलाचं नाव घेत होत्या. मी घेतलं नाही. मला वाटलं, आत जो माणूस कापतोय त्याला कोणी मध्ये हाक मारू नये. डॉक्टर बाहेर आले ते दमलेले, पेटा नाही, केस घामाने चिकटलेले. सासऱ्यांजवळ येऊन म्हणाले, "दुहेरी शिवलंय. आत एक ओळ, वर एक ओळ." सासऱ्यांनी हात जोडले. "आता टिकतं की नाही ते अन्न गेल्यावर कळेल. तोवर मला काही विचारू नका."

तेव्हापासूनचे दिवस वाईट गेले. नवऱ्याला ताप चढला, उतरला. चमच्याने पाणी दिलं, ते राहिलं. दूध-पाणी दिलं, एकदा सगळं बाहेर आलं आणि सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरही त्या दिवशी चुरमुरे न खाता वॉर्डात फेऱ्या मारत होते.

मग एका सकाळी ते म्हणाले, आज तांदळाची पेज द्यायची, जरा दाट. हे खाली गेलं तर टाके टिकले. सासूबाईंनी घरून वाटीत पेज आणली होती, स्वतः केलेली, फडक्यात गुंडाळून. त्या खाटेजवळ उभ्या राहिल्या. बाजूच्या खाटांवरची माणसं बघत होती.

"कोण भरवणार?" डॉक्टरांनी विचारलं.

सासूबाईंनी ती वाटी माझ्यापुढे केली. "तिलाच भरवू दे," म्हणाल्या. "तिच्या हातचं खायची सवय आहे त्याला."

हे त्या मनापासून म्हणाल्या की टोमणा मारला, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी वाटी घेतली.

नवऱ्याने तोंड उघडलं. मी पहिला घास दिला. त्याने गिळला. डॉक्टर लगेच गुडघ्यावर बसले, पट्टीच्या बाजूला त्याच्या उघड्या पोटाला कान लावला आणि एक हात वर केला. सगळा वॉर्ड गप्प झाला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता, त्यानेही तोंडावर हात ठेवला. सासूबाईंनी माझ्या दंडाला धरलं होतं, नख रुतेपर्यंत. त्यांना ते कळत नव्हतं. मी चमचा तसाच धरून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते.

खूप वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"उतरलं," म्हणाले. कान तिथेच होता. "दुसरा घास दे, अम्मा."